अनोळखी माणसाची भीती कुठून येते?

८ जून २०२३ रोजी शहापूर तालुक्यातील विहिगाव परिसरात जनावरे घेऊन निघालेला एक टेम्पो जमावाने अडवला. टेम्पोत तिघे होते. दोघे निसटले. तिसऱ्याचा, पडघा भागातल्या एका मुस्लिम तरुणाचा, मृतदेह दोन दिवसांनी इगतपुरीजवळ घाटनदेवीच्या दरीत सापडला. या प्रकरणी पोलिसांनी सहा जणांना अटक केली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला पडघ्याचे नाव पुन्हा मथळ्यात आले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने महाराष्ट्र आणि कर्नाटकात ४४ ठिकाणी छापे घातले आणि दहशतवादी संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून १५ जणांना अटक केली. त्या कारवाईचा मुख्य भर पडघा-बोरिवलीवर होता. दोन्ही प्रकरणांत दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे.

दोन्ही बातम्या एकाच परिसरातल्या आणि एकाच वर्षातल्या. तरीही शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या गावात, जिथे मुस्लिम घर एखादेच आहे किंवा मुळीच नाही, तिथे बहुतेकांना दुसरी बातमी चटकन आठवते आणि पहिली आठवावी लागते. असे का होते, हा प्रश्न वरवर राजकारणाचा वाटतो. पण तो मानसशास्त्राचा, मेंदूविज्ञानाचा आणि सार्वजनिक आरोग्याचाही आहे. गेली सत्तर वर्षे त्यावर शास्त्रशुद्ध संशोधन चालू आहे. त्यातले बरेचसे पाश्चात्त्य देशांत झाले. तिथल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची कारणे समजून घेतली, तर आपल्या गावातल्या कुजबुजीचीही बरीचशी उकल होते.

संख्या कमी, भीती जास्त

स्वित्झर्लंडमध्ये २९ नोव्हेंबर २००९ रोजी सार्वमत झाले. विषय होता मशिदींच्या मिनारांवर बंदी घालण्याचा. ५७.५ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. त्या वेळी साऱ्या देशात मिनार होते फक्त चार. इप्सॉस या संस्थेने २०१६ मध्ये अनेक देशांतील नागरिकांना विचारले, तुमच्या देशात दर शंभरांत मुस्लिम किती असतील? फ्रान्समध्ये लोकांचा सरासरी अंदाज होता ३१; प्रत्यक्ष प्रमाण होते साधारण साडेसात. अमेरिकेत अंदाज १७, प्रत्यक्षात सुमारे एक. जर्मनीत ‘पश्चिमेच्या इस्लामीकरणाविरुद्ध’ मोर्चे सुरू झाले ते २०१४ मध्ये ड्रेस्डेन शहरात, म्हणजे देशाच्या अशा भागात जिथे मुस्लिम वस्ती अगदी तुरळक आहे.

म्हणजे ही भीती शेजारच्या घरातून येत नाही. दुरून ऐकलेल्या गोष्टींतून येते. युरोपात त्या गोष्टींना जुना इतिहास आहे. अकराव्या शतकाअखेर सुरू झालेली धर्मयुद्धे, १५२९ आणि १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेले तुर्कांचे वेढे, नंतरच्या काळातला वसाहतवाद. वसाहतवाद्यांनी पूर्वेकडच्या माणसाचे मागास आणि क्रूर असे चित्र रंगवले. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथात त्या चित्राची चिकित्सा केली. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना मजूर हवे होते. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार केला, फ्रान्सने उत्तर आफ्रिकेतून आणि ब्रिटनने भारतीय उपखंडातून माणसे नेली. ती कमी पगाराच्या कामांत आणि शहराबाहेरच्या वेगळ्या वस्त्यांत राहिली. सत्तरच्या दशकात मंदी आली, काम घटले, आणि काल ज्याला बोलावून आणले तो आज डोळ्यांत खुपू लागला. त्यानंतर ११ सप्टेंबर २००१ आला. अमेरिकेच्या तपास यंत्रणेच्या नोंदींत मुस्लिमविरोधी द्वेषगुन्हे २००० साली २८ होते. २००१ मध्ये ते ४८१ झाले.

पूर्वग्रह समोरच्या माणसाचा धर्मही नीट तपासत नाही. ९/११ नंतर चारच दिवसांनी अमेरिकेत एका शीख दुकानदाराला केवळ पगडीमुळे गोळी घालण्यात आली. २०१७ मध्ये कॅन्सस राज्यात एका भारतीय अभियंत्याला इराणी समजून मारले गेले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तेव्हा कळले, की द्वेष करणारा जात-धर्माचा दाखला पाहून हात उगारत नाही.

मेंदू आधी गट पाडतो

माणूस पूर्वग्रह घेऊन जन्मतो का? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवजात बाळांना वेगवेगळ्या वंशांचे चेहरे दाखवले, तेव्हा त्यांनी कुठल्याच चेहऱ्याला झुकते माप दिले नाही. तीन महिन्यांची बाळे मात्र आपल्या आसपास दिसणाऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहत होती. इथे द्वेष नाही, फक्त ओळख आहे. मेंदूत बदामाच्या आकाराचा ‘अमिग्डाला’ नावाचा भाग धोक्याची चाहूल घेतो. वेगळ्या वंशाचा चेहरा पाहून हा भाग जास्त सक्रिय होतो, असे काही प्रयोगांत दिसले होते. पण २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात हा प्रतिसाद लहान मुलांत आढळला नाही; तो पौगंडावस्थेत हळूहळू उमटत गेला. ज्या मुलांच्या मित्रमंडळात वेगवेगळ्या वंशांची मुले होती, त्यांच्यात तो कमी होता. भीतीचे यंत्र जन्मजात असते. कोणाला भ्यायचे, हे ते नंतर शिकते.

गट पाडायला मेंदूला किती क्षुल्लक कारण पुरते, हे हेन्री ताजफेल यांनी दाखवले. ताजफेल पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. नाझींच्या हत्याकांडात त्यांचे जवळजवळ सारे कुटुंब संपले. नंतर ब्रिटनमध्ये स्थायिक होऊन त्यांनी ब्रिस्टल शहरातल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना दोन चित्रकारांची चित्रे दाखवली, आणि कोणाला कोणता चित्रकार आवडला त्यावरून गट पाडल्याचे सांगितले. प्रत्यक्षात वाटणी चिठ्ठ्या टाकून केल्यासारखीच होती. मग प्रत्येकाला इतर मुलांना पैसे वाटायला सांगितले. गटात आपल्यासोबत कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हते. तरीही मुलांनी ‘आपल्या’ गटाला झुकते माप दिले. काही वेळा तर आपल्या गटाला मिळणारे पैसे थोडे कमी झाले तरी चालतील, पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावेत, अशी वाटणी त्यांनी केली.

चित्रांच्या आवडीवरून जर इतके होत असेल, तर नाव, पेहराव, खाणे आणि देवघर वेगळे असताना काय होईल, याचा अंदाज यावा. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सेनेगलमधून आलेल्या दोन कुटुंबांतील मुलींचे म्हणून नोकरीचे अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव, आडनाव सारे सारखे. एकीचे नाव ख्रिश्चन, दुसरीचे मुस्लिम. मुस्लिम नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता अडीच पटीने कमी निघाली.

दुर्मीळ ते लक्षात राहते

गट पाडले की स्मरणशक्ती त्यांत रंग भरते. हॅमिल्टन आणि गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये एक साधा प्रयोग केला. एक गट मोठा, एक लहान. दोन्ही गटांत चांगल्या-वाईट वागण्याचे प्रमाण अगदी सारखे ठेवले होते. तरीही वाचणाऱ्यांना लहान गटच जास्त वाईट वाटला. लहान गट कमी वेळा दिसतो आणि वाईट कृत्यही कमी वेळा घडते. दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र आल्या की मेंदू त्यांची घट्ट गाठ मारतो. अल्पसंख्य समाजातल्या एकाने गुन्हा केला तर तो समाजाचा ठरतो आणि बहुसंख्य समाजातल्या एकाने केला तर तो त्याचा एकट्याचा राहतो, याचे एक कारण हे आहे.

माध्यमे ही गाठ आणखी घट्ट करतात. अमेरिकेत २००६ ते २०१५ या काळातल्या दहशतवादी हल्ल्यांच्या बातम्या मोजल्या, तेव्हा हल्लेखोर मुस्लिम असेल तर वार्तांकन सरासरी ३५७ टक्के अधिक झाल्याचे आढळले. हॉलीवूडचेही तेच. जॅक शाहीन यांनी ९०० हून अधिक चित्रपट पाहून अरब पात्रांची यादी केली. त्यातली चांगली माणसे थोडकीच निघाली.

पण धोका खरा असेल तर? मुंबईने १९९३, २००६ आणि २००८ पाहिले आहे. कसारा-आसनगावहून रोज लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाची भीती काल्पनिक नाही. इथे वैद्यकशास्त्रातले एक साधे गणित उपयोगी पडते. समजा एखादा रोग दहा हजारांत एकाला आहे आणि तो ओळखणारी चाचणी ९९ टक्के अचूक आहे. दहा हजार जणांची चाचणी केली तर त्या एका रुग्णाला ती पकडेल. पण उरलेल्या ९,९९९ निरोग्यांपैकी एक टक्का, म्हणजे सुमारे १०० जणांनाही ती चुकून रोगी ठरवेल. हाती आलेल्या १०१ ‘रोग्यां’त खरा रोगी एकच. म्हणून शहाणा डॉक्टर दुर्मीळ रोगासाठी सरसकट चाचणी करत नाही. आधी लक्षणे पाहतो, मग तपासतो. धर्म ही तर ९९ टक्के अचूक चाचणीच्या जवळपासही न जाणारी ढोबळ खूण. तिच्यावरून संशय घ्यायचा ठरवला, तर लाखो निरपराध माणसे संशयित होतात आणि जो शोधायचा तो त्या गर्दीत सापडतही नाही. आरोपींना नावानिशी शोधून पुराव्यासह न्यायालयात उभे करणे, ही झाली लक्षणे पाहून केलेली तपासणी. ‘पडघ्याचे सगळे तसलेच’ हे झाले चुकीच्या चाचणीचे उत्तर.

साथ आली की बळीचा बकरा

रोगाची भीती आणि परक्याची भीती यांचे नाते फार जुने आहे. युरोपात चौदाव्या शतकात प्लेग पसरला तेव्हा ‘ज्यूंनी विहिरींत विष कालवले’ ही अफवा उठली. १३४९ च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्ग शहरात शेकडो ज्यूंना जाळण्यात आले. प्लेगचा जंतू शोधायला अजून साडेपाचशे वर्षे होती. मार्क शॅलर या मानसशास्त्रज्ञाने या वृत्तीला वर्तनाची रोगप्रतिकारशक्ती म्हटले आहे. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मग मेंदू दिसणाऱ्या खुणांवर भरवसा ठेवतो आणि अनोळखी माणूस, वेगळे अन्न, वेगळा पेहराव यांची किळस वाटू लागते. ‘घाणेरडे’ हा शब्द पूर्वग्रहाच्या भाषेत इतक्या वेळा येतो, तो त्यामुळेच.

२०२० च्या मार्चअखेर दिल्लीच्या निजामुद्दीन भागातल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यातून करोना पसरल्याचे उघड झाले. दाटीवाटीचा मेळावा घेणे चूकच होते आणि त्यातून संसर्ग पसरलाही. पण आठवडाभरातच चर्चा मेळाव्याची राहिली नाही, धर्माची झाली. फळविक्रेत्यांना नाव विचारले जाऊ लागले, जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला ८ एप्रिल २०२० रोजी सूचना काढून सांगावे लागले, की साथीसाठी कोणत्याही समाजाला किंवा भागाला दोषी धरू नका. लांछनाच्या भीतीने माणूस लक्षणे लपवतो, तपासणीला येत नाही आणि साथ वाढते, हा सार्वजनिक आरोग्याचा जुना अनुभव आहे. पुढे २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले.

त्याच एप्रिलच्या १६ तारखेला, २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरमधल्या गडचिंचले गावी चोर किंवा मुले पळवणारे समजून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार केले. काही तासांत त्या घटनेलाही धार्मिक रंग चढला. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नसल्याचे सांगावे लागले. दोन वर्षांपूर्वी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला होता. साधू, गोसावी, जनावरे नेणारा तरुण. बळी जाणारा बदलतो, पण जमावाच्या डोक्यातली साखळी तीच असते: अनोळखी माणूस, आधीच कानांवर पडलेली गोष्ट आणि शहानिशा करायला कोणीही नसणे. शहापूर-मुरबाडमधल्या कातकऱ्यांना ही साखळी फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गावात चोरी झाली की संशयाची पहिली नजर त्यांच्या वाडीकडे वळते.

टंचाईचा राग कोणावर?

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तालुक्यातले अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. अशा जागी राग असणे स्वाभाविक आहे. प्रश्न असतो तो राग कोणाकडे वळतो, किंवा वळवला जातो, याचा.

तुर्कस्तानात जन्मलेले मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे शिबिर घेतले. दोन गट, बक्षिसांच्या स्पर्धा, आणि आठवड्याभरात शिवीगाळ, झेंडे जाळणे, हाणामाऱ्या. नुसते एकत्र जेवायला बसवून भागले नाही. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. मग शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडल्याचे सांगितले. दोन्ही गटांनी मिळून बिघाड शोधला, तेव्हा कुठे वैर उतरू लागले. या प्रयोगाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात शेरीफ यांनी असेच शिबिर घेतले होते. तिथे मुलांना आधी एकत्र राहू दिले, मैत्री झाल्यावर गट पाडले. मोठ्यांनी मुद्दाम वस्तू चोरून, मोडून चिथावण्याचा प्रयत्न केला. पण मुले भांडली नाहीत. उलट हे मोठ्यांचेच काम असावे, असा संशय त्यांना आला. आधी ओळख असली की चिथावणी रुजत नाही, एवढे तरी त्या फसलेल्या प्रयोगाने शिकवले.

ऐकीव गोष्टी आणि आकडे

गावच्या पारावर सर्वांत जास्त चालणारे विधान म्हणजे ‘त्यांची लोकसंख्या भराभर वाढते आहे.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३ मध्ये देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४१ मुले होती, हिंदू स्त्रीमागे ३.३०. २०१९-२१ मध्ये हे आकडे अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाले. तीस वर्षांपूर्वी एकाहून अधिक मुलाचा असलेला फरक आता अर्ध्या मुलाहूनही कमी उरला आहे. दोन्ही समाजांत मुले कमी होण्यामागे मुलींचे शिक्षण, उशिरा लग्न आणि आरोग्यसेवा हीच कारणे आहेत.

दुसरा समज अस्वच्छतेचा. अर्थशास्त्रज्ञांना बरीच वर्षे एक कोडे पडले होते: भारतात मुस्लिम कुटुंबे सरासरीने गरीब, तरी त्यांची बाळे हिंदू कुटुंबांतल्या बाळांपेक्षा जास्त प्रमाणात जगतात, हे कसे? गेरुसो आणि स्पिअर्स यांनी २०१८ मध्ये त्याचे उत्तर मांडले. मुस्लिम कुटुंबांत आणि त्यांच्या शेजारात शौचालयाचा वापर जास्त होता, त्यामुळे बाळांना जंतुसंसर्ग कमी होत होता. हगणदारीमुक्तीच्या मोहिमांनी जो धडा द्यायचा, तो इथे आकड्यांतच होता.

इथे एक भेद स्पष्ट असावा. एखाद्या धर्मातल्या अन्यायकारक प्रथेवर टीका करणे म्हणजे पूर्वग्रह नव्हे. कोकणात जन्मलेल्या हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा तोंडी तलाकविरुद्ध विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची टीका प्रथेवर होती. ती भोगणाऱ्या माणसांच्या बाजूने होती. पूर्वग्रह मात्र माणसाला भेटण्याआधीच त्याचा निकाल लावतो. तो कुठल्याही एका समाजाची मक्तेदारी नाही. मुस्लिम वस्त्यांतही इतरांविषयी असे निकाल लागलेले असतातच.

आजार दोन्ही बाजूंना

पूर्वग्रहाचा परिणाम शरीरावर होतो का? कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदींचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे उत्तर देतो. ९/११ नंतरच्या सहा महिन्यांत अरबी नावाच्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची किंवा मुदतीआधी जन्मण्याचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत वाढले होते. इतर गटांतल्या स्त्रियांमध्ये अशी वाढ दिसली नाही. या मातांपैकी बहुतेकींवर कोणी हात उचललेला नसणार. पण रस्त्यावरची नजर, दुकानातले बोलणे आणि दाराबाहेर पडायची धास्ती ताणाच्या संप्रेरकांमधून गर्भापर्यंत पोहोचते.

डॉक्टर या आजारातून सुटलेले नाहीत. अमेरिकेत २०१६ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांच्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी सुमारे निम्म्यांना खरी वाटत होती. आणि ज्यांना वाटत होती, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. मुंबईत ‘सेहत’ संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुस्लिम स्त्रियांनी दवाखान्यांत बुरख्यावरून आणि मुलांच्या संख्येवरून ऐकाव्या लागणाऱ्या शेऱ्यांबद्दल सांगितले. असा एक शेरा ऐकलेली बाई पुढच्या वेळी रक्तस्राव सुरू झाला तरी दवाखान्यात यायला कचरते. लस टोचायला आलेल्या परिचारिकेला दार उघडत नाही. मग ‘ते लोक लस घेत नाहीत’ असे म्हणायला कर्मचारी मोकळे. गोवराला मात्र वस्तीची हद्द समजत नाही.

उपाय कोणता?

भाषणांनी पूर्वग्रह फारसा जात नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सांगितले, की परस्परसंपर्काने तो कमी होतो. पण चार अटींवर. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी आणि वरिष्ठांचा, कायद्याचा त्याला पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये अशा ५१५ अभ्यासांची एकत्रित छाननी केली. त्यातल्या बहुतेक सर्व पाहण्यांत संपर्क वाढला तसा पूर्वग्रह कमी झालेला दिसला.

संपर्क कसा आहे यालाही महत्त्व आहे. मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेट सामने भरवले. एका संघात खेळलेल्यांची दुसऱ्या जातींत मैत्री वाढली. समोरासमोरच्या संघांत खेळलेल्यांची उलट घटली. इराकमध्ये इसिसच्या हल्ल्यांत विस्थापित झालेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल संघांत सल्मा मूसा यांनी मुस्लिम खेळाडू घातले. सहकाऱ्यांशी वागणे सुधारले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबद्दलची भावना फारशी बदलली नाही. म्हणजे एक सामना, एक स्नेहभोजन पुरत नाही. सवय लागावी लागते.

ती सवय लावून दाखवलेले शहर शहापूरच्या शेजारीच आहे. भिवंडीत मे १९७० आणि मे १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यांत दोन्ही समाजांतली साधी माणसे होती, पोलिस होते आणि बैठका नियमाने होत. दंगलीचा विषय नसतानाही माणसे एकमेकांना भेटत, रोजच्या तक्रारी सोडवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. राजकीय अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये देशातल्या सहा शहरांची तुलना करून हेच मांडले, की खेड्यात रोजचे शेजारपण कामी येते, पण शहरात दोन्ही समाजांना जोडणाऱ्या संघटना, व्यापारी मंडळे, कामगार संघ असावे लागतात.

शहापूर आणि मुरबाड आता ना पुरती खेडी राहिली आहेत, ना शहरे झाली आहेत. मुरबाडची औद्योगिक वसाहत, महामार्गालगतची गोदामे आणि आसनगावभोवतालच्या नव्या इमारती यांनी अनोळखी माणसे शेजारी आणून ठेवली आहेत. जुने शेजारपण विरते आहे आणि त्याच्या जागी नवे काही उभे राहिलेले नाही. उभा आहे तो हातातला मोबाईल. अशा वेळी पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेतल्या जनावरांच्या बाजाराकडे वेगळ्या नजरेने पाहावे. तिथे बैल विकणारा आणि घेणारा दाताने वय पारखतात, घासाघीस करतात आणि बहुधा पुढच्या वर्षी पुन्हा भेटतात. दोघांनाही एकमेकांची गरज असते. ऑलपोर्टच्या बऱ्याच अटी तिथे न वाचता पाळल्या जातात.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत, पाणीपुरवठा समितीत, रक्तदान शिबिरात, बचत गटात, क्रिकेटच्या संघात दोन्ही समाजांची नावे आहेत का, हे पाहणे कोणत्याही ग्रामपंचायतीला अवघड नाही. आलेला संदेश पुढे पाठवण्याआधी तारीख आणि गाव तपासणे कोणालाही जमेल. दवाखान्याच्या खिडकीशी नाव विचारताना आवाजाची पट्टी बदलू न देणे, हेही जमण्यासारखे आहे. भीतीचे यंत्र आपल्या मेंदूत राहणारच. त्याला काय शिकवायचे, हे मात्र गावाच्या हाती असते, आणि ते अफवा येण्यापूर्वी शिकवावे लागते.